लंडन: मुलींची इंडिपेंडंट डे स्कूल कशी निवडावी? (इयर सेव्हन, म्हणजे अकराव्या वर्षीचा प्रवेश)

प्रश्न: मुलगी इयर फाइव्हमध्ये आहे. यादीत मुलींच्या पाच डे स्कूल (खासगी, रोज घरून जायच्या) आहेत आणि वेबसाइटवर सगळ्याच सारख्या गोड बोलतात. निकालांच्या क्रमवारीपलीकडे काय बघायचं? आणि खर्चाचा खरा आकडा कसा काढायचा?

उत्तर १: टक्केवारी नंतर बघा, आधी मुली मोजा. इयर इलेव्हनमध्ये (सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेचं वर्ष) किती होत्या आणि त्याच तुकडीतल्या इयर थर्टीनला (शेवटचं वर्ष, ए लेव्हल परीक्षेचं) किती उरल्या? समजा 60 पैकी 38 राहिल्या, तर ए लेव्हलचा निकाल त्या 38 जणींचाच. काही स्वतःहून जातात, काहींना जीसीएसईचे ग्रेड कमी पडले म्हणून सिक्स्थ फॉर्मला (शेवटची दोन वर्षं) घेत नाहीत. ओपन डेला (पालकांना शाळा बघायला बोलावतात तो दिवस) हे थेट विचारा. उत्तर गोलमोल आलं तर तीही माहितीच.

दुसरं, फिजिक्स, फर्दर मॅथ्स आणि कॉम्प्युटर सायन्सला ए लेव्हलला मागच्या तीन वर्षांत किती जणी बसल्या? मुलींच्या शाळेत हे विषय मुली जास्त घेतात असं प्रत्येक मुख्याध्यापिका सांगते. आकडा मागा. वर्गात दोघी-तिघीच असतील तर पुढच्या वर्षी तो विषय चालेलच असं नाही.

आयएसआयचा (खासगी शाळा तपासणारी संस्था) तपासणी अहवालही वाचा, पण सप्टेंबर 2023 पासून त्यात 'एक्सलंट' वगैरे शेरे नसतात. ठरलेले निकष पूर्ण झाले की नाही, एवढंच लिहितात. त्यामुळे जुन्या अहवालातला शेरा फलकावर मिरवणाऱ्या शाळेची तारीख तपासा.

उत्तर २: पैशांबद्दल. 1 जानेवारी 2025 पासून फीवर 20% व्हॅट आहे. सांगितलेला आकडा व्हॅट धरून की सोडून, हे लेखी विचारा. शाळेचं जेवण आणि शाळेची बस यांवर साधारणपणे व्हॅट लागत नाही, पण बिलात ते वेगळे येतात, आणि जेवण बऱ्याच ठिकाणी सक्तीचं असतं. शिवाय परीक्षा फी, सहली, वाद्याचे वैयक्तिक धडे.

आजची फी गुणिले सात, हा हिशोब चुकतो. वर्षाला 5% वाढ धरली तरी इयर थर्टीनची फी इयर सेव्हनपेक्षा 34% जास्त होते.

स्कॉलरशिप आणि बर्सरी यांत गल्लत नको. स्कॉलरशिप गुणवत्तेवर, आणि बहुधा फीचा छोटा हिस्सा. कुठे कुठे तर नुसता मान. मोठी सवलत बर्सरीतून. ती उत्पन्न आणि मालमत्ता बघून देतात, दरवर्षी कागद पुन्हा तपासतात. अर्जाची मुदत बहुतेकदा प्रवेश परीक्षेच्या आधीच संपते. निकाल लागल्यावर विचारलं तर हात हलवत परत यावं लागतं.

करारातली नोटिशीची अटही वाचा. शाळा सोडायची तर सहसा पूर्ण एक टर्म (शाळेचं सत्र) आधी कळवावं लागतं, नाहीतर त्या टर्मची फी भरायची.

उत्तर ३: वेळापत्रक साधारण असं: नोंदणी इयर सिक्सच्या शरद ऋतूत, परीक्षा नोव्हेंबर ते जानेवारी, मुलाखती त्याच्या आगेमागे, ऑफर फेब्रुवारीत. 'लंडन इलेव्हन प्लस कन्सॉर्शियम' या गटातल्या मुलींच्या शाळांना एकच सामाईक परीक्षा चालते, पण प्रत्येक शाळेत नोंदणी आणि तिची फी वेगळी. सरकारी शाळेचा अर्ज 31 ऑक्टोबरच्या आत भराच. तो चुकवून फक्त खासगीवर विसंबणं ही नेहमीची चूक आहे.

प्रवास दारापासून दारापर्यंत मोजा, तोही शाळेच्या दिवशी सकाळी साडेसातला. रविवारी नकाशावर दिसणारी 35 मिनिटं सोमवारी 55 होतात. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, आणि क्लब संपतात पाचनंतर.

प्रश्नकर्ती: धन्यवाद. मग पाचही ठिकाणी परीक्षा द्यावी का?

उत्तर ३: नको. तीन-चार पुरेत, त्यातली एक तरी अशी की जिथे मुलीला सहज प्रवेश मिळेल. पाच वेगळ्या पेपरांची तयारी करून दहा वर्षांचं पोर जानेवारीतल्या मुलाखतीला पेंगत जातं.