ठेलेवाल्यांना शिबिर कशाला?

सुदामानगरकर: काल चोइथराम मंडीबाहेर पुन्हा सगळी भाजी पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशवीत. इंदूर स्वच्छतेत आठ वेळा पहिलं आलं, घरोघरी कचरा सहा डब्यांत वेगळा होतो, आणि ठेलेवाल्यांना चक्रीय अर्थव्यवस्था, म्हणजे वस्तू टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात फिरवणं, कशाशी खातात हेही माहीत नाही. नगर निगमने त्यांचं शिबिर घ्यावं. ऐकत नाहीत त्यांचं चालान फाडावं.

खिचडीवाली: आमचा साबुदाणा खिचडीचा ठेला आहे, म्हणून राहवत नाही. भाऊ, एक दिवस आमच्या ओळीत उभे राहा. बारदान परत विकलं जातं. तेलाचा रिकामा डबा भंगारवाला ठोकून-वाजवून घेतो. पुठ्ठा भिजला की भाव पडतो, म्हणून पाऊस आला की ताडपत्रीखाली आधी पुठ्ठा जातो. शेजारच्या भाजीवाल्याचे क्रेट डिपॉझिटवर येतात, एक हरवला तर त्याच्या घरी त्या दिवशी रडारड. हे आम्हाला शिबिरात शिकवणार? फिरत नाहीत त्या दोनच वस्तू: पन्नी, आणि आतून प्लास्टिकचा थर दिलेला कागदी द्रोण. तो ओल्या कचऱ्यात चालत नाही, रद्दीवाला हात लावत नाही. पळसाचे द्रोण आणले होते. पावसाळ्यात बुरशी धरली, थप्प्याच्या थप्प्या टाकल्या. तो तोटा कोणी भरून दिला?

राजवाड्याजवळचा: ताई, तोटा समजतो. पण १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंद आहे. ती ठेल्यावर आपणहून येत नाही, तुम्ही विकत आणता.

खिचडीवाली: गिऱ्हाईक मागतं म्हणून आणतो! झोला घरी विसरायचा, वर फुकट धनिया हवा, तोही वेगळ्या पन्नीत. नाही म्हटलं की पुढच्या ठेल्यावर जातात.

मल्हारगंजचे काका: अरे, चक्र इथे होतंच. फ्लॉवरचा पाला, मटाराची सालं संध्याकाळी गवळी न्यायचा आणि सकाळी त्याचंच दूध दारात यायचं. भाजीवाल्याला बदल्यात ताक मिळायचं. मग गाई शहराबाहेर काढल्या. आता तोच पाला गाडीत भरून देवगुराडियाच्या कचरा प्लांटला जातो आणि भाजीवाला वर शुल्क भरतो.

राजवाड्याजवळचा: काका, त्या पाल्यात पन्नी असायची. आमच्या वाड्यातली गाय त्यानेच गेली. पोट फुगलं, तीन दिवस उठली नाही. डॉक्टरांनी पोटातून गोळा काढला तेव्हा मी तिथे होतो. देवगुराडियाचा प्लांट फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची क्षमता आहे, त्याच्या गॅसवर शहराच्या बस धावतात. पुन्हा गाई रस्त्यावर आणायच्या?

मल्हारगंजचे काका: रस्त्यावर आणा असं मी कुठे म्हटलं? माझ्या तोंडी शब्द घालू नका. पन्नी बंद करायची सोडून गाई बंद केल्या, एवढंच माझं म्हणणं. तुमच्या बस धावोत. पाला ज्याचा, त्याच्या हातात काय आलं?

राजवाड्याजवळचा: स्वच्छ ओटा आला. पूर्वी संध्याकाळी भाजीबाजारातून चालता यायचं नाही, नाकाला रुमाल लावावा लागायचा. तेही चक्रच होतं का?

मल्हारगंजचे काका: वास येत होता, खरं आहे. बाकी काहीच मान्य नाही.

भजीवाल्याची लेक: गाईंचं पुरे करा. तळलेल्या तेलावर कोणी बोलेल? अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची योजना आणली. आमच्या वडिलांकडे अजून कोणी डबा घेऊन आलेलं नाही. येतो तो स्वस्तात मागणारा माणूस, आणि ते तेल पुन्हा कुणाच्या कढईत जातं ते तो सांगत नाही. वडील त्याला देत नाहीत, मग ठेवायचं कुठे हा रोजचा वाद.

सुदामानगरकर: बरं, शिबिराचं मागे घेतो. चालानाचं घेणार नाही. फक्त पन्नीचे रोल विकणाऱ्या घाऊकवाल्यापासून सुरुवात करावी, हे ताईंचं पटलं.

खिचडीवाली: मी ते म्हटलंच नव्हतं, पण करा. आणि द्रोणाचा प्रश्न सोडवायचा तर आमच्या ओळीला एक नळ द्या. पाणी असेल तर मी उद्यापासून स्टीलच्या ताटल्या ठेवते, धुणारी बाईही तयार आहे. अर्ज निगमच्या सफाई दरोगाकडे द्यायचा की झोन कार्यालयावर?

राजवाड्याजवळचा: झोनवर. ओळीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पोचपावती मागा.