मदत हवी आहे: घराजवळचं हॉटेल बेघरांसाठी घेतायत, कौन्सिलपुढे काय विचारू?

केळफूल

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात, सांता क्लारा काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) राहतो. शहराचं नाव मुद्दाम देत नाही, इथले निम्मे वाचक आमच्याच सोसायटीतले निघायचे. घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर फ्रीवेलगत एक जुनं दुमजली हॉटेल आहे. बाहेरून जिने, मधे पार्किंग, त्या छापाचं. शहर आणि काउंटी मिळून ते विकत घेणार आणि तिथे बेघर लोकांची सोय करणार असा प्रस्ताव आहे. राज्याकडून 'होमकी प्लस' या बेघरांच्या घरांसाठीच्या योजनेतून पैसे मागणार आहेत. पुढच्या मंगळवारी विषय सिटी कौन्सिलपुढे येतोय.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रण माजलंय. पिटिशन फिरतंय, सही केली नाही तर लोक खासगीत मेसेज करून विचारतात. इंजेक्शनच्या सुयांचा फोटो कुठून तरी उचलून टाकलाय. दुसरीकडे मुलीच्या शाळेतल्या दोन शिक्षिकांनी पाठिंब्याचं पत्र दिलंय.

मला खरंच ठरवता येत नाहीये. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत, रोज संध्याकाळी त्या हॉटेलमागच्या ट्रेलवर चालायला जातात. मला वाटलं तेच आधी घाबरतील. तर सासरे म्हणाले, "अगं, ते लोक आत्ता कुठे आहेत? ओढ्याच्या काठाला तंबूतच ना? त्यांच्या समोरूनच तर आम्ही जातो, एक जण रोज नमस्ते म्हणतो." यावर मला काही सुचलं नाही.

तर जाणकारांनी सांगा: अशा हॉटेलजवळ कुणी राहतं का, काय अनुभव? मी एच-वन-बी वर्क व्हिसावर आहे, मत नाही, तरी बोलता येतं का? आणि बोलायला मिळणाऱ्या दोन मिनिटांत नुसतं 'हवं' किंवा 'नको' म्हणण्यापेक्षा कामाचं काय विचारता येईल?

पाणकोंबडी

मिलपिटासकर इथे. २०२० मध्ये आमच्याकडे एक्स्टेंडेड स्टे अमेरिका हॉटेलचं हेच झालं. आता ते हिलव्ह्यू कोर्ट, सव्वाशेहून जास्त छोटी घरं. तेव्हाही असंच रण माजलं होतं. शहराला न विचारता काउंटीने ढकललं असा राग होता, कोर्टात जायची भाषा झाली. आज बाहेरून बघाल तर साधं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स. मला तरी शेजार म्हणून त्रास नाही, पण मी अगदी भिंतीला भिंत लावून राहत नाही हेही सांगते.

एक फरक आहे. त्या हॉटेलात खोलीतच किचन होतं, त्यामुळे घर करणं सोपं गेलं. तुमचं जुनं मोटेल असेल तर तिथे फक्त मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज असणार. हे नक्की विचारा.

अर्धविराम

बोलता येतं. कॅलिफोर्नियाचा १९५३ चा ब्राउन ॲक्ट आहे, कौन्सिलच्या सभेत कुणालाही बोलता येतं, नागरिकत्व लागत नाही. हजर राहायला नाव नोंदवायची सक्ती करता येत नाही. ईमेलही चालतो, पण तो सार्वजनिक कागद होतो, कुणीही मागून वाचू शकतं, तेव्हा फोन नंबर वगैरे घालू नका. नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो. म्हणजे शनिवारपर्यंत स्टाफ रिपोर्ट (अधिकाऱ्यांनी कौन्सिलसाठी लिहिलेली माहिती) हातात यायला हवा. पिटिशनच्या आधी तो वाचा.

आणि मुख्य गोष्ट. तुमच्या ग्रुपवर सगळे 'शेल्टर' म्हणतायत. होमकी प्लसचे पैसे शेल्टरसाठी नाहीतच. मार्च २०२४ मध्ये मतदारांनी प्रॉप १ (राज्याने मतदानाला टाकलेला प्रस्ताव) अगदी काठावर मंजूर केलं, ६.४ अब्ज डॉलरचे रोखे. त्यातून होमकी प्लस निघालं. हे कायमच्या घरांसाठी आहे, माजी सैनिक आणि मानसिक आजार किंवा व्यसनाशी झगडणाऱ्यांसाठी. माणूस भाडेकरू असतो, लीज असते, उत्पन्नाच्या हिशेबात भाडं भरतो. रात्री रांग, सकाळी बाहेर, तसलं काही नाही. भीती वाटायचीच तर निदान बरोबर गोष्टीची वाटू दे.

होमकी प्लसच्या आधीच्या जुन्या होमकी योजनेला २०२० च्या कायद्याने झोनिंग (कुठल्या जागेवर काय बांधायचं याचे नियम) आणि पर्यावरण आढाव्यातून सूट होती. तुमच्या प्रकल्पाला काय लागू होतं ते सिटी ॲटर्नीला (शहराच्या वकिलाला) विचारा. कारण मंगळवारी कौन्सिल नक्की कशावर मत देणार, हॉटेल थांबवण्यावर की पैसे आणि करारावर, हेच बहुतेकांना माहीत नसतं.

सरळरेषा

सगळे गोड बोलतायत म्हणून मी कडू बोलतो. सही करा. तुमच्या कर्जाचे हप्ते यातले कुणी भरणार नाहीत.

सॅन फ्रान्सिस्कोने कोविडमध्ये हॉटेलं भाड्याने घेतली, नंतर मोडतोडीपोटी मालकांना दशलक्षांत डॉलर द्यावे लागले. हॉटेल गेलं की शहराचा हॉटेल टॅक्स गेला, सेवाभावी संस्थेच्या मालकीचं झालं की बराचसा प्रॉपर्टी टॅक्सही गेला. सेवा काउंटीच्या, ९११ चे फोन शहराचे. आणि शांग्री-ला इंडस्ट्रीजचं प्रकरण वाचा (ती हॉटेलांची साखळी नव्हे, लॉस एंजेलिसची बिल्डर कंपनी). सालिनास, थाउझंड ओक्स, सॅन बर्नार्डिनो अशी सात होमकी हॉटेलं. जानेवारी २०२४ मध्ये राज्यानेच दावा लावला, परवानगीशिवाय मालमत्तांवर कर्जं काढली म्हणून. शंभर दशलक्ष डॉलरच्या वर सरकारी पैसा अडकला.

अवांतर: हॉटेल विकणारे पटेलभाई असतील तर त्यांचं मात्र भलं झालं. जुनं मोटेल, रोख गिऱ्हाईक.

अर्धविराम

@सरळरेषा, शांग्री-लाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण त्यातून 'सही करा' कसं निघतं? त्यातून 'मालकी कुणाच्या नावावर, कर्ज काढायला कुणाची परवानगी' हा प्रश्न निघतो. तो विचारायला हवाच.

भिजलेली_छत्री

रेडमंड, वॉशिंग्टनहून. आमच्या किंग काउंटीने ऑक्टोबर २०२० मध्ये ०.१ टक्का विक्रीकर लावला, 'हेल्थ थ्रू हाउसिंग' नावाने, आणि हॉटेलं घ्यायचा सपाटा लावला. रेडमंडचं सिल्व्हर क्लाउड, कर्कलंडचं ला क्विंटा. कर्कलंडला शाळा जवळ म्हणून पालक पेटले होते, त्यात आपले मराठी मंडळवाले पण भरपूर. शेवटी शहर आणि काउंटी अटी लिहून काढायला बसले. हॉटेल २०२२ मध्ये घेतलं, पण लोक राहायला यायला वर्षं गेली. रिकामी इमारत, भोवती कुंपण, हा प्रकार मला जास्त खटकला.

त्याआधी २०२० च्या एप्रिलमध्ये शेजारच्या रेंटनच्या रेड लायन हॉटेलमध्ये सिएटलचे दोनशेवर लोक एका रात्रीत आणल्यासारखे आणले. आजूबाजूचे दुकानदार वैतागले, रेंटन शहर काउंटीशी भांडलं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासात मात्र आलं की मोठ्या हॉलमध्ये चटईला चटई लावून झोपण्यापेक्षा स्वतःच्या खोलीत माणसांची तब्येत सुधारली आणि भांडणं कमी झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या. आतल्यांचं बरं झालं आणि शहराला कुणी विश्वासात घेतलं नाही.

हळदीकुंकू_नको

मी अशाच एका जुन्या मोटेलात केस मॅनेजर आहे, म्हणजे भाडेकरूंना लागेल ती मदत मिळवून देते, कुठे ते सांगत नाही. केळफूलताई, तुम्हाला कामाचे प्रश्न हवेत ना, घ्या.

पहिले काही दिवस बरेच जण पलंगावर झोपत नाहीत, जमिनीवर झोपतात, बूट घालून. दार आतून बंद करता येतं हे पटायलाच वेळ लागतो. सामान आत न्यायच्या आधी ढेकूण मरावेत म्हणून गरम खोलीत ठेवतो, त्यावरून दरवेळी रडारड. मग जेवण. मोटेलच्या वायरिंगवर दोन जणांनी एकदम हॉटप्लेट लावली की ब्रेकर उडतो आणि अख्खी रांग अंधारात. तेव्हा पाणकोंबडी म्हणतात ते सोन्यासारखं आहे. किचन आणि वायरिंगचा खर्च बजेटमध्ये वेगळा दाखवलाय का ते विचारा.

दुसरं, माणसं. एका केस मॅनेजरकडे वीस-पंचवीस भाडेकरू असतील तर काम होतं. चाळीस झाले की मी फक्त फॉर्म भरते. रात्री फ्रंट डेस्कला कोण, नुसता सिक्युरिटी गार्ड की आमच्यातलं कुणी? २०१६ पासून राज्याच्या पैशातल्या योजनांना 'हाउसिंग फर्स्ट' सक्तीचं आहे, म्हणजे आधी घर, दारू सोडायची अट नाही. यावर तुमच्या ग्रुपवर आग लागेल, लागू दे. पण मग नर्स आणि समुपदेशक इमारतीत किती तास, हे काउंटीने आकड्यात सांगायला हवं.

आणि सगळ्यात मोठं. राज्य इमारतीचे पैसे एकदा देतं. त्या बदल्यात घरं ५५ वर्षं परवडणारी ठेवायचा करार असतो. पण चालवायचे पैसे, पगार, दुरुस्ती, गार्ड, हे राज्याकडून मोजक्याच वर्षांपुरते येतात. पुढचे कोण देणार? शहर काउंटीकडे बोट दाखवतं, काउंटी शहराकडे. मी पाहिलेली वाईट इमारत याच कारणाने वाईट झाली, राहणाऱ्यांमुळे नव्हे. आधी रात्रपाळी कापली, मग लिफ्ट बंद, मग चांगले भाडेकरू सोडून गेले.

सरळरेषा

हे मात्र पटलं. हाच प्रश्न मी विरोधात विचारला असता.

भिजलेली_छत्री

मग दोघं मिळून विचारा की. एक बाजूने, एक विरोधात, प्रश्न तोच. कौन्सिलला पळता येणार नाही.

केळफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. पिटिशनवर सही करत नाहीये, पाठिंब्याच्या पत्रावरही सध्या नाही. मसुदा टाकते, सुचवा:

"मी इथून जवळच राहते. माझे तीन प्रश्न आहेत. मालकी कुणाकडे राहणार आणि शहर व काउंटीच्या लेखी संमतीशिवाय इमारतीवर कर्ज काढता येईल का? राज्याचे चालवण्याचे पैसे संपल्यावर दरवर्षीचा खर्च कोण किती देणार, हे शहर-काउंटी करारात लिहिलंय का? आणि रात्री इमारतीत प्रशिक्षित कर्मचारी किती असतील? ही उत्तरं मतदानाआधी जाहीर करावीत."

हळदीकुंकू_नको

किचनचा राहिला. "माझे तीन प्रश्न आहेत" काढा, थेट विचारा, तेवढ्या जागेत तो बसेल. आणि रात्रीच्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न पहिला घ्या. तो लोकांना लगेच कळतो, बाकीचं ऐकायला मग ते थांबतात.

अर्धविराम

"जाहीर करावीत"च्या जागी "करारात घालावीत" म्हणा. जाहीर काय, कुणीही करतं. आणि छापील प्रत सिटी क्लार्ककडे (सभेच्या नोंदी ठेवणाऱ्याकडे) द्या, म्हणजे दोन मिनिटं संपून माइक बंद झाला तरी रेकॉर्डवर येतं.

केळफूल

बदलते. सासरेही यायचं म्हणतायत, व्हिजिटर व्हिसावर असले तरी बसायला हरकत नाही ना?

अर्धविराम

बसू दे की. बोलायचं असेल तर दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला वेळ दुप्पट द्यावा लागतो, तोही नियम आहे. क्लार्कला आधी कळवून ठेवा.