वळणाच्या लढाईत वेग पडतो: आधी विमानाचे आकडे शिकावे की डावपेच?

वर्धाकाठ
नमस्कार मंडळी. वॉर थंडर या लढाऊ विमानांच्या गेमच्या सिम्युलेटर मोडमध्ये पी-51डी मस्टँग हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी लढाऊ विमान उडवतो. वळणाची लढाई लागली की दुसऱ्या चकरीतच वेग पडून राहिला, अन् स्टिक जोरात ओढली की एक पंख कोसळतो. हाय यो-यो, लो यो-यो या डावांचे व्हिडिओ पाहिले, पण कोणता डाव कधी टाकायचा ते समजत नाही. लॅपटॉप 8 जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जॉयस्टिक ट्विस्ट-रडरची. गाव आर्वीकडचं, नेट मोबाइल हॉटस्पॉटवर. सुरुवात कुठून करू?

काटोलकर_संत्रा
भाऊ, आधी आकडे. डाव त्यातूनच निघतात.

पहिला आकडा स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल तुटते त्या वेगाचा. फ्लॅप आणि चाकं वर असताना मस्टँग ताशी 160 किमीच्या आसपास स्टॉल होते. पण हा आकडा 1 जीचा, म्हणजे पंखावर विमानाच्या वजनाइतकाच भार असतानाचा; 2 जी म्हणजे दुप्पट भार. जी वाढला की स्टॉलचा वेग त्याच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो: 2 जीला 226, 4 जीला 320, 6 जीला 390. म्हणजे 300 वर असताना 4 जी ओढला तर पंख कोसळणारच. तुमचं नेमकं हेच होऊन राहिलं.

आता वळणाचं पाहा. 6 जीवर ताशी 400 ला वळणाची त्रिज्या साधारण 213 मीटर आणि पूर्ण चक्कर 12 सेकंदांत. तोच 6 जी 560 ला ओढला तर त्रिज्या 417 मीटर, चक्कर जवळपास 17 सेकंदांची. म्हणून 400 च्या आसपासचा वेग, ज्याला कॉर्नर स्पीड म्हणतात, तो डोक्यात पक्का ठेवा. मात्र 6 जी टिकवण्याइतकी ताकद इंजिनात नाही, वेग लगेच गळतो. किती जी टिकतो, हे स्वतः मोजावं लागतं.

मोजायची रीत अशी: टेस्ट फ्लाइट घ्या, निम्मं इंधन, उंची 1500 मीटर, पूर्ण थ्रॉटल. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट 8111 उघडा, गेम चालू असताना वेग, उंची, जी सगळं तिथे दिसतं. दुसऱ्या मोबाइलवरही उघडता येतं, फक्त लॅपटॉपचा आयपी टाकायचा. उंची न सोडता गोल फिरत राहा. वेग जिथे स्थिरावेल तो लिहा, मग पुढच्या 360 अंशांना लागलेले सेकंद लिहा. नाक खाली गेलं तर ते मोजमाप बाद, कारण उंची विकून वेग घेतला. डावीकडे-उजवीकडे दोन्ही बाजूंनी करा. जॉन बॉइड आणि थॉमस क्रिस्टी यांनी 1960 च्या दशकात अमेरिकी वायुदलात ऊर्जेचा जो हिशेब मांडला, त्याचं मूळ हेच.

पंख कोसळला तर एलेरॉनने (पंखाच्या मागच्या कडेच्या, विमान बाजूला झुकवणाऱ्या फळीने) उचलू नका, त्याने स्टॉल आणखी खोल जातो. स्टिक थोडी सैल सोडा, पंखाने हवा परत धरली की मग रोल करा, म्हणजे बाजूला झुकवा.

पूर्णाकाठ_37
काटोलकरांचं मोजमाप झालं की मग यो-यो. शत्रू समोर वळतोय, तुमचा वेग जास्त आणि तुम्ही त्याच्या वळणाबाहेर फेकले जाणार असं दिसलं की हाय यो-यो. थोडं सरळ व्हा, नाक वर घ्या, वेग उंचीत भरा, माथ्यावर रोल करून त्याच्या मागे उतरा. 560 वरून 320 पर्यंत वेग विकला तर हवेचा रोध सोडून कागदावर 830 मीटर उंची मिळते, प्रत्यक्षात कमी. चूक एकच होते: उशीर. पुढे निघून गेल्यावर नाक वर घेतलं तर तो तुमच्याच मागे येतो.

लो यो-यो उलट. मागे आहात पण अंतर कमी होत नाही, तेव्हा वळणाच्या आतून नाक थोडं खाली टाकून वेग घ्यायचा. खोल गेलात तर वर येताना तोच वेग परत जातो.

आणि समोर झीरो (चपळ वळणारं जपानी लढाऊ विमान) असेल तर वळूच नका. 400 च्या वर त्याचे एलेरॉन जड होतात. त्या वेगात रोल करून दिशा बदला, निघून जा, उंचीवरून परत या.

वर्धाकाठ
भारी माहिती दादा. या लॅपटॉपवर डीसीएस हा दुसरा विमान-सिम्युलेटर चालेल का? त्यात टीएफ-51डी ही मस्टँगचीच आवृत्ती फुकट आहे म्हणतात.

काटोलकर_संत्रा
फुकट आहे, पण बिनशस्त्र, आणि 8 जीबीवर डीसीएस अडखळेल. फ्लाइटगियर हा सिम्युलेटर हलका आहे, तोही फुकट. फक्त मोजमाप करताना हवामान लाइव्ह ठेवू नका. नागपूर विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची 315 मीटर असली तरी मे महिन्यात 45 अंशांत हवा साधारण 1500 मीटरवरच्या हवेइतकी विरळ असते. धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो, आणि दोन दिवसांचे आकडे जुळत नाहीत. 15 अंशांचं प्रमाण हवामान लावूनच मोजा.

मेळघाट_रेंज
नेटबद्दल: सरासरी पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) पाहू नका, चढउतार पाहा. सलग 90 चालतं. 40 वरून 250 वर उड्या मारणारं नाही, कारण शत्रूचं विमान स्क्रीनवर अंदाजाने सरकवलं जातं आणि पुढे धरून मारलेली गोळी हुकते. वायफायऐवजी यूएसबी टेदरिंग करा, फोन खिडकीत ठेवा, अपडेट बंद ठेवा.

भारनियमनात लॅपटॉप बॅटरीवर गेला की ताकद कमी करतो, दर सेकंदाच्या फ्रेम निम्म्यावर येतात, नेमकं वळणात हात चुकतो. फ्रेम आधीच 30 वर बांधून ठेवा, म्हणजे वीज गेली तरी फरक कमी जाणवेल.

ट्विस्ट-रडरमध्ये धूळ गेली की तो आपोआप थरथरतो. टर्न इंडिकेटरमधली गोळी मध्यावर राहत नसेल तर विमान तिरकं सरकतंय, अशात स्टॉल झाला की थेट स्पिन. त्या अक्षाला 5 टक्के डेड झोन द्या, म्हणजे मध्याजवळची बारीक हालचाल गेम धरणार नाही. पिच (नाक वर-खाली) आणि रोलला 2-3 पुरे.