अल्टरनेटर बदलायची घाई नको, आधी करंट कुठं जातोय ते बघा

दादा, नवी बॅटरी टाकूनही गाडी दोन दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता टकटक करतो म्हणता, अन् इथं सगळे अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) बदला म्हणतायत. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर 13.8 ते 14.5 व्होल्ट येत असतील तर अल्टरनेटर चार्जिंग बरोबर करतोय, तो बदलायची घाई करू नका.

गाडी उभी असताना करंट गळतोय का ते असं मोजा: गाडी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, केबल अन् टर्मिनलच्या मधे मल्टिमीटर 10 अँपिअरवर जोडा, दारं लावून अर्धा तास थांबा. मीटर जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो. 50 मिलिअँपिअरच्या बराच वर आकडा दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन पडेल, गळती त्याच लाइनवर. बाहेरून बसवलेला स्टिरिओ, जीपीएस आधी तपासा.

आपल्या परभणीच्या उन्हात बॅटरी तशीही लवकर थकते, गाडी सावलीला लावत जा.