मदत हवी आहे: उतारवयात इतिहासाचं वेड लागलंय, वाचू कसं?

शाळेत इतिहास म्हणजे नुसती सनावळ्यांची घोकंपट्टी. १८१५ म्हटलं की वॉटर्लूची लढाई, दोन मार्क, विषय संपला. आता निवृत्तीनंतर कळतंय, त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्यामुळे १८१६ मध्ये युरोपात धड उन्हाळाच आला नाही. पिकं गेली, धान्य महागलं. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

हल्ली रात्री एक-एक वाजेपर्यंत वाचत बसते. पण आठवड्याभरात सगळं पुसट होतं. वहीत टिपणं काढते, तर त्यांचीही सनावळीच होते (जित्याची खोड!). एकच शतक धरून जगभर फिरावं, की एका देशाचा इतिहास सलग वाचावा? नकाशा शेजारी ठेवून वाचणारं कुणी आहे का? टिपणं कशी ठेवता, जरा सविस्तर सांगा.