मदत हवी आहे: पक्षातल्या पक्षात मध्यममार्गी गट कसा उभारायचा?

लेहायकर
नमस्कार मंडळी. आमच्या राज्यात पक्षाची कन्व्हेन्शन, म्हणजे उमेदवार ठरवणारी सभा, कट्टर लोकांच्या हातात गेली आहे. मतदार तेवढे कट्टर नाहीत, पण तिथे मत देणारे प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, आहेत. आम्ही काही जण गट करतोय. व्हॉट्सॅप ग्रुप झाला, नाव ठरलं, लोगोही आला. आता थेट पक्षाध्यक्षपदाला माणूस उभा करायचा की आधी बायलॉज (पक्षाचे नियम) बदलायचा प्रस्ताव आणायचा? मार्च तोंडावर आलाय. तत्त्वज्ञान नको, पायऱ्या सांगा.

चौकस
राज्य कुठलं? पक्ष कुठला? गटातले किती जण नागरिक आहेत? लोगोचं नंतर बघू.

कायद्याचं बोला
जपून. 1985 च्या दहाव्या सूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद झाली. आता विलीनीकरणच, आणि त्याला दोन तृतीयांश लागतात. व्हिप मोडलात की आमदारकी गेली.

लेहायकर
अहो, आमच्यात आमदार कुठून आणू? राज्य युटा, पक्ष रिपब्लिकन. लेहाय युटातलंच, आयडीवरून कळेल असं वाटलं होतं.

कायद्याचं बोला
ओके. मूळ मुद्दा तरी लक्षात ठेवा, फुटण्यापूर्वी आकडा मोजावा.

वॉर्ड नंबर ७
अध्यक्षपदाचा नाद सोडा. त्या खुर्चीत दम नाही, दम स्टेट सेंट्रल कमिटीत (पक्षाच्या राज्य समितीत) आहे. 2018 च्या सुमाराचं प्रकरण काढून वाचा: अध्यक्ष रॉब अँडरसन एसबी 54 (मतदारांच्या सह्या गोळा करून उमेदवारी मिळवू देणारा कायदा) विरुद्धचा पक्षाचा खटला आवरता घ्यायला निघाले होते, कमिटीने ऐकलं नाही. वर त्यांना न जुमानता सह्या गोळा करणाऱ्या उमेदवारांना पक्षाबाहेर काढायचा बायलॉज मंजूर केला. कमिटी विरोधात असली की अध्यक्ष फक्त पत्रकार परिषद घेऊ शकतो.

म्हणून सुरुवात तळातून, सम वर्षातल्या मार्चच्या कॉकसच्या, म्हणजे वस्तीपातळीवरच्या पक्षसभेच्या, रात्री. शाळेचा वर्ग, फळ्यावर नावं, हातात चिठ्ठ्या. तिथे प्रिसिंक्ट (मतदान विभाग) चेअर, व्हाइस चेअर, काउंटी (जिल्हा) डेलिगेट आणि स्टेट डेलिगेट निवडले जातात. डेलिगेटची मुदत दोन वर्षं. चेअर आणि व्हाइस चेअर काउंटीच्या सेंट्रल कमिटीवर जातात, आणि विषम वर्षात काउंटीच्या ऑर्गनायझिंग कन्व्हेन्शनमधून स्टेट सेंट्रल कमिटीचे सदस्य ठरतात. म्हणजे पहिल्या मार्चपासून कमिटीपर्यंत वर्षभराचं काम आहे. या मार्चमध्ये क्रांती होत नसते.

प्रत्येक प्रिसिंक्टमध्ये आपली पंधरा माणसं वर्गात हवीत आणि एका जागेला आपला एकच उमेदवार. दोन चांगली माणसं उभी राहिली की मतं फुटतात आणि तिसरा निवडून येतो, नेहमीचा घोळ हाच. दुसरा घोळ असा की चेअर निवडला की लोक मुलांना झोपवायला घरी पळतात, आणि स्टेट डेलिगेटचं मतदान होतं तेव्हा वर्गात समोरचेच उरतात. शेवटच्या चिठ्ठीपर्यंत कोणी हलायचं नाही, हे आधी बजावा.

सहीवाला
एवढ्या वर्गांत एवढी माणसं कुठून आणणार? 2014 च्या एसबी 54 ने सह्यांचा मार्ग दिलाय, तो वापरा. स्टेट हाउसला 1,000 सह्या, स्टेट सेनेटला 2,000, अमेरिकन हाउसला 7,000, राज्यव्यापी पदाला 28,000. कन्व्हेन्शनमध्ये गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स 2024 ला हरले, फिल लायमनना 67.5 टक्के मिळाले होते. पण कॉक्सच्या हातात सह्या होत्या, आणि प्रायमरी, म्हणजे पक्षाच्या मतदारांची निवडणूक, त्यांनीच जिंकली. 2018 ला सेनेटच्या उमेदवारीसाठी मिट रॉम्नीही कन्व्हेन्शनमध्ये माइक केनेडींच्या मागे पडले आणि प्रायमरीत 71 टक्के मतं घेऊन आले. डेलिगेटना मनवायची गरजच काय?

वॉर्ड नंबर ७
सह्यांनी उमेदवार वाचतो, पक्ष बदलत नाही. धागाकर्त्याने पक्षाबद्दल विचारलंय. तुमच्याच उदाहरणात बघा, 2018 ला रॉम्नी आले, म्हणून 2024 ची कन्व्हेन्शन मवाळ झाली का? आणि 28,000 सह्या गोळा करायला पगारी माणसं लागतात, ते पैसे कोण देणार?

सहीवाला
हाउसच्या 1,000 स्वयंसेवकांच्या जोरावर होतात. आधी सह्यांचा मार्ग घेतोय असं लेखी कळवायचं, मगच फॉर्म बाहेर काढायचा. सही त्या मतदारसंघातल्या नोंदणीकृत रिपब्लिकनचीच हवी. एका पदासाठी मतदाराची एकच सही धरतात, त्याने आधी दुसऱ्याला दिली असेल तर तुमची बाद. सही नोंदीतल्या सहीशी जुळली नाही तरी बाद. म्हणून दीडपट गोळा करा आणि कन्व्हेन्शनच्या 14 दिवस आधीच्या मुदतीची वाट न बघता टप्प्याटप्प्याने निवडणूक अधिकाऱ्याकडे द्या.

चौकस
माझा तिसरा प्रश्न अजून तसाच आहे.

लेहायकर
नागरिक निम्मे असतील. तीन-चार ग्रीन कार्डवाले, बाकी एच-1बी. खजिनदार एच-1बीवर आहे, हिशोबाला पक्का.

चौकस
त्याला आजच खजिनदारीतून मोकळा करा. एच-1बीवाल्याला निवडणुकीसाठी एक डॉलरही देता येत नाही आणि पैसे कुठे खर्चायचे या निर्णयातही बसता येत नाही. बिनपगारी फोन करणं, पत्रकं वाटणं चालतं. ग्रीन कार्डवाला देणगी देऊ शकतो, पण मत नाही, त्यामुळे डेलिगेटही नाही. उत्साहाच्या भरात मतदार नोंदणीचा फॉर्म भरला तर प्रकरण हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं. ग्रुपवर पहिला मेसेज हा टाका.

निर्दलीय नाना
एवढा खटाटोप कशाला? युनायटेड युटा पार्टी 2017 ला निघालीच की, मध्यममार्गी म्हणूनच.

सहीवाला
त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्या पक्षाच्या जिम बेनेट यांना 9 टक्क्यांच्या आसपास मतं पडली. नाना, आकडा बघा.

निर्दलीय नाना
पहिल्या फटक्यात 9 म्हणजे वाईट नाही.

लेहायकर
एक कल्पना: डेमोक्रॅट आणि अपक्ष ओळखीतल्यांना रिपब्लिकन म्हणून नोंदवलं तर? कॉकसलाही येतील.

वॉर्ड नंबर ७
2020 च्या प्रायमरीला तशी नोंदणी जोरात झाली. विधिमंडळाने 2021 ला एचबी 197 हा कायदा आणून पक्ष बदलायची मुदत प्रायमरीच्या कितीतरी आधी नेली. या वर्षीची तारीख काउंटी क्लर्कच्या (निवडणुकीचं काम बघणारा अधिकारी) कचेरीतून घ्या, कुणाच्या फॉरवर्डवरून नको. अपक्षांना सवलत आहे, ते प्रायमरीच्या वेळीही नोंदवू शकतात. पण कॉकसला असे पाहुणे आणलेत तर वर्गातले शेजारी त्यांना ओळखतात, आणि तुमच्या गटावर कायमचा शिक्का बसतो. त्यापेक्षा असे रिपब्लिकन शोधा जे प्रायमरीत मत देतात पण कॉकसला फिरकत नाहीत. मतदान केलं की नाही याची नोंद मतदार यादीत मिळते. 2010 ला सेनेटर बॉब बेनेट कन्व्हेन्शनमध्येच बाद झाले, ते बघून दुसरे सेनेटर ऑरिन हॅच यांच्या माणसांनी 2012 ला नेमकं हेच केलं. त्या वर्षी एलडीएस (मॉर्मन) चर्चनेही सदस्यांना कॉकसला जायला सांगितलं होतं. हॅच यांची मतं थेट उमेदवारीला लागणाऱ्या 60 टक्क्यांना थोडक्यात कमी पडली, पण उमेदवारी गेली नाही.

आणि वर्गात ‘मध्यममार्गी’ म्हणू नका. ग्रेट सॉल्ट लेकचं पाणी, घरांच्या किमती, शाळेतल्या वर्गांची पटसंख्या यावर बोला.

लेहायकर
बरं. आणि बायलॉजचा प्रस्ताव?

सहीवाला
सूचनेची मुदत आणि किती बहुमत लागतं ते बायलॉजमध्येच असतं, आधी ते वाचा. सभेत अजेंडा मंजूर होतानाच विषय घुसवा, तेव्हा साधं बहुमत पुरतं. एकदा मंजूर झाला की बदलायला दोन तृतीयांश. आणि उशीर झाला की कोरम (किमान हजेरी) मोजायची मागणी समोरून येणारच, तेव्हा विषय वरच्या क्रमांकावर हवा.

वॉर्ड नंबर ७
हे सगळं सेंट्रल कमिटीत माणसं गेल्यावर.

सहीवाला
तुमचं सगळंच ‘गेल्यावर’.

लेहायकर
भांडू नका राव. लेहायच्या प्रिसिंक्टांची यादी मिळाली, नऊ ठिकाणी आपलं कोणीच नाही. खजिनदार बदलला. नवा खजिनदार नागरिक आहे, पण त्याला एक्सेल येत नाही. कोणी टेम्प्लेट देईल का?