बोगस व्यवहारांतील तोट्यासाठी एक बँक दुसऱ्या बँकेवर दावा कशाच्या आधारे करते?

प्रश्न : अर्थवेध

नमस्कार. अलाइड आयरिश बँक्स विरुद्ध बँक ऑफ अमेरिका व सिटीबँक या दाव्याविषयी वाचताना एक गोष्ट माझ्या गळी उतरलेली नाही. बाल्टिमोरमधील ऑलफर्स्ट ही अलाइड आयरिशच्या मालकीची बँक होती. तेथे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या जॉन रुसनॅक याने १९९७ पासून, मुख्यतः येनच्या व्यवहारांत, होत गेलेला तोटा खोट्या ऑप्शन्सच्या (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी वा विक्री करण्याचा हक्क देणाऱ्या करारांच्या) नोंदींखाली दडवला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तो ६९.१ कोटी डॉलरवर पोहोचल्याचे उघड झाले. माणूस त्यांचा, वह्या त्यांच्या आणि तपासणारे अधिकारीही त्यांचेच. तरीही २००३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात या दोन बँकांकडून ५० कोटी डॉलरहून अधिक भरपाई मागितली, ती कोणत्या तत्त्वावर? आपल्याकडे १९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतरही बँका एकमेकींविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. तेथेही हाच मुद्दा होता का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : जुना_रोखेविभाग

मी १९९२ मध्ये मुंबईतील एका बँकेच्या रोखे विभागात सेटलमेंटच्या, म्हणजे ठरलेले व्यवहार पुरे करण्याच्या, टेबलावर होतो, म्हणून प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल लिहितो. मुद्दा तोच नव्हता, पण गाभा जवळचा होता.

त्या काळी सरकारी रोख्यांची देवघेव रिझर्व्ह बँकेच्या लोककर्ज कार्यालयातील हाताने लिहिल्या जाणाऱ्या खात्यांवर होत असे आणि त्यात नोंद व्हायला फार वेळ लागे. म्हणून विकणारी बँक खरेदी करणाऱ्या बँकेला ‘बँक रिसीट’ देई, जिला आम्ही सगळे बीआरच म्हणत असू. पैसे मिळाले आहेत, रोखे मागाहून देतो, एवढेच त्या कागदाचे म्हणणे. माझ्यासमोर येणाऱ्या डील स्लिपवर समोरच्या बँकेचे नाव असे, परंतु आमच्या डीलरने बोलणी केलेली असत ती दलालाशी. चेक दलालाचा माणूस घेऊन जाई आणि बीआरही तोच आणून देई. ज्या बँकेशी आपण कोट्यवधींचा व्यवहार केला, तिच्या अधिकाऱ्याचा आवाजही आमच्यापैकी अनेकांनी ऐकलेला नव्हता. बीआरवरच्या दोन सह्या नमुना सह्यांच्या पुस्तकाशी ताडून पाहणे हे माझे काम होते आणि सह्या तर जुळतच होत्या. त्या सहीमागे रोखे आहेत की नाहीत, हे विचारण्याची पद्धतच नव्हती. याचे मला आजही वाईट वाटते.

बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन लहान बँकांनी रोखे हातात नसताना अशा पावत्या दिल्याचे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीच्या तपासात बाहेर आले आणि दोन्ही बँका बुडाल्या. ज्या बँकांच्या तिजोरीत या पावत्या होत्या, त्यांना कागदावर सही करणाऱ्या बँकेकडून काहीच मिळण्यासारखे नव्हते. मग साहजिकच त्यांची नजर वळली ती, पैसा ज्या बँकांतून पुढे गेला होता, त्यांच्याकडे.

बँकांमधील लढाई सर्वात उघडपणे दिसली ती नॅशनल हाउसिंग बँक आणि एएनझेड ग्रिंडलेज यांच्यात. नॅशनल हाउसिंग बँकेने ग्रिंडलेजच्या नावाने चेक काढले होते आणि ग्रिंडलेजने ती रक्कम आपल्या ग्राहकाच्या, म्हणजे दलाल हर्षद मेहता यांच्या, खात्यात जमा केली होती. एकूण रक्कम होती सुमारे ५०६ कोटी रुपये. वाद सगळा एका ओळीभोवती फिरत होता, आणि ती म्हणजे चेकवर ज्याला पैसे द्यायचे त्याचे नाव. तिथे बँकेचे नाव आहे, दलालाचे नाही. मग ती रक्कम बँकेने स्वतःसाठी घेतली, की ग्राहकासाठी? दलालांना अशी सोय देण्याची बाजारात तेव्हा सर्रास प्रथा होती हे मी स्वतः पाहिले आहे, पण चेकच्या कागदावर त्या प्रथेचा मागमूसही नसे.

उत्तर : दावे_आणि_दप्तर

वरील प्रतिसादातील ग्रिंडलेज प्रकरण पूर्ण करतो, कारण त्याचा प्रवास फार बोलका आहे. मार्च १९९७ मध्ये लवादाचा निवाडा ग्रिंडलेजच्या बाजूने लागला आणि नॅशनल हाउसिंग बँकेने तिला ९१२ कोटी रुपये दिले. पुढे मुंबईच्या विशेष न्यायालयात नॅशनल हाउसिंग बँक जिंकली, तेव्हा ग्रिंडलेजने सर्वोच्च न्यायालयात अपील केले आणि वादातील रक्कम व्याजासह न्यायालयात भरली. जानेवारी २००२ मध्ये तडजोड झाली तेव्हा ही रक्कम १,६४५ कोटींवर गेली होती. तिच्यातून ग्रिंडलेजला ६२० कोटी मिळाले आणि उरलेले नॅशनल हाउसिंग बँकेकडे राहिले. दरम्यान २००० मध्ये एएनझेडने ग्रिंडलेज स्टँडर्ड चार्टर्डला विकून टाकली होती. म्हणजे ज्या बँकेच्या खिडकीवर ते चेक जमा झाले, तिची मालकी बदलली तरी खटला मात्र चालूच होता. बाजारातील प्रथा मोठी की चेकवरची ओळ मोठी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटला असता तर बँकिंग कायद्यासाठी ते फार मोलाचे ठरले असते, असे मला मनापासून वाटते. तडजोडीने तो अनुत्तरित राहिला.

आता रुसनॅककडे वळतो. अर्थवेध यांची शंका रास्त आहे आणि प्रतिवादी बँकांच्या बचावाचा पायाही नेमका तोच असतो. कर्मचाऱ्याला जे ठाऊक ते मालकाला ठाऊक, असे कायदा सामान्यतः धरून चालतो. मग फसवणूक करणारा तुमचाच प्रतिनिधी असताना फसवणुकीची तक्रार तुम्ही कशी करणार? याला अपवाद आहे. कर्मचाऱ्याने मालकाचे हित पूर्णपणे सोडून केवळ स्वतःसाठी काम केले असेल, तर त्याचे ज्ञान मालकाच्या माथी मारले जात नाही. परंतु न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१० मध्ये हा अपवाद फारच अरुंद असल्याचे स्पष्ट केले. रुसनॅकचा मामला तर या सीमारेषेवरचाच. त्याने बँकेचा पैसा उचलून घरी नेला नाही, तोटा लपवून बोनस मात्र घेतला.

त्यामुळे फिर्यादी बँकेला यापलीकडे जाऊन, दुसऱ्या बँकेला हे माहीत होते आणि तरीही तिने साधन पुरवले, असे दाखवावे लागते. अलाइड आयरिशचा आरोप असाच होता. या बँकांनी रुसनॅकला प्राइम ब्रोकरेज खाती दिली, ज्यांमुळे दिवसभराचे असंख्य व्यवहार एकाच ठिकाणी जमून त्याला आपली खरी स्थिती झाकता आली. शिवाय त्याने मोठ्या बँकांना अशी ऑप्शन्स विकली, जी घेणाऱ्यासाठी पहिल्या दिवसापासूनच भरपूर फायद्यात होती. असे ऑप्शन विकणाऱ्याला आज भरघोस रोख मिळते आणि मुदत संपताना ती बहुधा परत करावी लागते. नाव ऑप्शनचे असले तरी हे कर्जच झाले. २००१ मध्ये अशा पाच व्यवहारांतून त्याने ३० कोटी डॉलर उभे केले. समोर बसलेल्या अनुभवी डीलरला हे कर्ज आहे हे कळले नसेल का, असा फिर्यादीचा सवाल, आणि ग्राहक मागतो ते कायदेशीर उत्पादन आम्ही विकले, असे प्रतिवादींचे उत्तर. २००६ मध्ये न्यायालयाने दावा सुरुवातीलाच संपूर्ण फेटाळण्यास नकार दिला.

फिर्यादीच्या गळ्यात मात्र एक धोंड होती. घोटाळा उघड होताच अलाइड आयरिशने अमेरिकेचे माजी बँक नियंत्रक युजीन लुडविग यांच्याकडून चौकशी करवून मार्च २००२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला होता आणि त्यात स्वतःच्याच त्रुटी तपशीलवार मांडल्या गेल्या. एक विकलेले व एक विकत घेतलेले अशा खोट्या ऑप्शन्सच्या जोडीत दोन्हींचा प्रीमियम (ऑप्शनची किंमत) सारखा, म्हणून प्रत्यक्ष रक्कम शून्य, आणि रक्कमच नाही तर आशियातील समोरच्या बँकेकडून कन्फर्मेशन (व्यवहार झाल्याची खात्री) कशाला मागवायचे, हे बॅक ऑफिसने, म्हणजे व्यवहार तपासणाऱ्या विभागाने, मान्य केले होते. त्या जोडीतले एक ऑप्शन एका दिवसात संपते आणि दुसरे कित्येक आठवडे चालते, तरी दोन्हींची किंमत एक, हे कोणाच्या डोळ्यांत खुपले नाही. पुढे २००७ मध्ये या चौकशीची कागदपत्रे गोपनीय ठेवण्याचा फिर्यादीचा प्रयत्नही न्यायालयात टिकला नाही.

प्रतिप्रश्न : अर्थवेध

दोघांचेही मनापासून आभार. एकच शंका राहिली. १९९२ च्या पुष्कळशा व्यवहारांत ‘रेडी फॉरवर्ड’ होते, म्हणजे आज विकून ठरावीक दिवशी परत घेण्याचा करार, आणि त्यांवर बंदी होती असे वाचले. करारच बेकायदेशीर असेल तर बँकेच्या हाती काय उरते?

उत्तर : दावे_आणि_दप्तर

सर्वोच्च न्यायालयाने बीओआय फायनान्स विरुद्ध कस्टोडियन (घोटाळ्यातील जप्त मालमत्ता सांभाळणारा सरकारी अधिकारी) या १९९७ च्या निकालात कराराचे दोन तुकडे केले. जून १९६९ च्या अधिसूचनेमुळे पुढच्या तारखेला परत घेण्याचा भाग अवैध ठरला, पण आजच्या विक्रीचा भाग पैसे व रोखे हस्तांतरित होऊन पुरा झाला असल्याने तो वैध राहिला. म्हणून ज्या बँकेने पैसे मोजून रोखे प्रत्यक्ष ताब्यात घेतले होते, ती त्यांची मालक राहिली. जिच्याकडे केवळ बीआर होता तिला या निकालाचा आधार नव्हता, आणि तिला दलालाच्या जप्त मालमत्तेसाठी रांगेत उभे राहावे लागले. १९९२ च्या विशेष न्यायालय कायद्याच्या कलम ११ प्रमाणे त्या रांगेत सरकारचा कर पहिला आणि बँका त्यानंतर.

उत्तर : जुना_रोखेविभाग

आमच्या बँकेकडेही असे तीन बीआर होते. मी निवृत्त झालो त्या दिवशीही ते स्ट्राँग रूममधल्या लोखंडी कपाटात, दाव्याच्या फाइलला जोडलेले होते आणि त्यांवरच्या सह्या नमुन्याशी तंतोतंत जुळत होत्या.